मुंबईच्या घरात डिश घ्यावी की केबल: नव्याने बिऱ्हाड करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मुंबईत नवे घर मिळाले की वीजमीटर आणि गॅसच्या पाठोपाठ टीव्हीचा प्रश्न येतो, आणि बहुतेक मंडळी तो उलट्या टोकाने सोडवायला बसतात. कोणत्या कंपनीकडे किती वाहिन्या आहेत, कोणाचा पॅक पन्नास रुपयांनी स्वस्त आहे, याची तुलना आधी होते; आणि बॉक्सचे पैसे भरून झाल्यावर कळते, की आपल्या खिडकीतून उपग्रहाच्या दिशेचे आकाशच दिसत नाही, किंवा सोसायटी गच्चीवर डिश बसवू देत नाही. वाहिनीची कमाल किंमत प्रसारक कंपनी स्वतः जाहीर करते आणि ती डिशला व केबलला सारखीच लागू असते. त्यामुळे वाहिन्यांच्या यादीत वाटतो तेवढा फरक नसतो. खरा फरक आपले घर, आपली इमारत आणि आपल्या गल्लीतला केबलवाला यांच्यात असतो. म्हणून या लेखातील पायऱ्या मी घरापासून सुरू करून दरांपर्यंत नेल्या आहेत. गिरगावातील चाळीत केबल आणि पुढे बोरिवलीच्या इमारतीत डिश, अशा दोन्ही सेवा मी वापरल्या आहेत, आणि सोसायटीच्या कार्यकारिणीत असताना नव्या भाडेकरूंचे याविषयीचे अर्जही हाताळले आहेत.

१. दोन्ही सेवांमध्ये नेमका काय फरक आहे ते समजून घ्या

डिश म्हणजे उपग्रहावरून थेट आपल्या घरी येणारी सेवा. टाटा प्ले, एअरटेल डिजिटल टीव्ही, डिश टीव्ही, डीटूएच आणि सन डायरेक्ट या तिच्या सशुल्क कंपन्या आहेत. त्यांपैकी डीटूएच २०१८ पासून डिश टीव्हीच्याच छत्राखाली आहे, आणि टाटा प्ले म्हणजे २०२२ पर्यंतची टाटा स्काय. शिवाय प्रसार भारतीची डीडी फ्री डिश आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही, बॉक्स आणि डिशचा एकदाच खर्च करावा लागतो.

केबलची रचना दोन पातळ्यांची आहे. वर हॅथवे, डेन यांसारखी मोठी कंपनी असते. ती वाहिन्या एकत्र करते आणि बॉक्सही तिचाच असतो. खाली आपल्या विभागातील स्थानिक केबलचालक असतो; तो वायर घरापर्यंत आणतो, पैसे घेतो आणि बिघाड झाला तर येतो. केबलच्या चित्राबद्दल अनेकांच्या मनात अजून जुनी, मुंग्या दिसणाऱ्या पडद्याची आठवण आहे. ती आता सोडून द्यावी. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर केबलही डिजिटल झाली, आणि एचडी वाहिनी केबलवरही डिशइतकीच स्वच्छ दिसते.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: केबललाही वाहिन्या मुख्यतः उपग्रहावरूनच मिळतात. मात्र केबल कंपनीच्या केंद्रावर काही मीटर व्यासाच्या मोठ्या तबकड्या असतात आणि त्या बहुतांशी सी बँडवर, म्हणजे साधारण चार गिगाहर्ट्झच्या लहरींवर, काम करतात. घरगुती डिश केयू बँडवर, साधारण अकरा ते बारा गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असल्यामुळे मोठ्या थेंबांचा पाऊस त्यांना अडवतो, तर सी बँडच्या सुमारे साडेसात सेंटिमीटर लांबीच्या लहरींना त्याचा फारसा त्रास होत नाही. मुंबईच्या जुलैमध्ये शेजारच्या घरी केबल सुरू असताना आपल्या पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी का येते, त्याचे कारण हे आहे.

२. डिशचा विचार असेल तर आधी आकाश तपासा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असून तिला एक पैसाही लागत नाही.

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर स्थिर असतात. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला, १९ अंशांवर आहे, आणि आपल्या सेवांचे उपग्रह मुंबईच्या रेखांशाच्या पूर्वेकडे आहेत. म्हणून मुंबईतील प्रत्येक डिश दक्षिण ते पूर्व या पट्ट्यातच पाहते. ज्या घराच्या सर्व खिडक्या पश्चिमेला किंवा उत्तरेला आहेत, त्या घरात खिडकीबाहेर डिश लावून उपयोग नाही. समुद्र दिसणाऱ्या महागड्या फ्लॅटची बहुतेक वेळा हीच अडचण असते. अशा घराला गच्चीचाच आधार घ्यावा लागतो.

आता बारकावा. सर्व कंपन्यांचे उपग्रह एका जागी नाहीत. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहेत, डीडी फ्री डिशचा ९३.५ अंशांवर, तर एअरटेलचा १०८.२ अंशांवर. मुंबईतून पाहताना पहिला दक्षिण-आग्नेयेला आणि क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंच येतो. शेवटचा बराच पूर्वेकडे आणि सुमारे ४५ अंश उंचीवर. या आकड्यांचा व्यावहारिक अर्थ असा, की उंच उपग्रहासाठी समोरची इमारत फारशी आड येत नाही, पण आपल्याच खिडकीवरचा छज्जा किंवा वरच्या मजल्याची गॅलरी आड येते. खाली असलेल्या उपग्रहाचे उलट: छज्जा अडवत नाही, पण पूर्वेला उभा राहिलेला नवा टॉवर अडवू शकतो. एकाच खिडकीत एका कंपनीची डिश लागते आणि दुसरीची लागत नाही, असे म्हणूनच घडते. डिशकडे नुसते पाहून हा अंदाज करू नये. तबकडीच्या आकारामुळे ती समोर पाहते आहे असे भासते, प्रत्यक्षात तिचा रोख बराच वर असतो.

तपासणी अशी करावी. मोबाइलमधील होकायंत्र घेऊन खिडकीच्या बाहेरच्या कठड्याशी उभे राहावे आणि दक्षिणेपासून पूर्वेपर्यंतचे आकाश किती मोकळे आहे ते पाहावे. लोखंडी ग्रिलला फोन टेकवू नये, कारण लोखंडाजवळ होकायंत्र चुकते. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा ऑक्टोबरच्या आरंभी घर पाहत असाल, तर त्याहून सोपा उपाय आहे: त्या दिवसांत सकाळी साधारण दहा ते बाराच्या दरम्यान सूर्य जवळपास याच उपग्रहांच्या रेषेतून सरकतो. त्या वेळेत कठड्यावर ज्या जागी थेट ऊन पडते, त्या जागेला आकाश मोकळे आहे. दहाच्या सुमारास ऊन पडत असेल तर पूर्वेकडचा उपग्रह मिळेल, बाराच्या सुमारास पडत असेल तर दक्षिणेकडचा. इतर महिन्यांत सूर्याची उंची वेगळी असल्याने ही कसोटी वापरू नये.

समोर मोठे झाड असेल तर सावध राहावे. उन्हाळ्यात विरळ दिसणारे झाड पावसाळ्यात दाट होते, आणि ओली पाने लहरी अडवतात. मे महिन्यात उत्तम चाललेली डिश ऑगस्टमध्ये बंद पडल्याची तक्रार आमच्या इमारतीत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरूनच येत असे.

३. सोसायटीची परवानगी लेखी घ्या

गच्ची ही सोसायटीची सामाईक जागा आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचाही तिच्यावर स्वतंत्र हक्क नसतो. अनेक सोसायट्या गच्चीच्या लादीत भोक पाडू देत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे, कारण जलरोधक थर एकदा फुटला की गळती शेवटच्या मजल्यावरच्या माणसाच्या घरात उतरते. अशा ठिकाणी सिमेंटच्या ठोकळ्यावर ठेवलेला स्टँड किंवा पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीला लावलेला क्लॅम्प चालतो का, हे विचारावे. काही सोसायट्यांनी प्रत्येक कंपनीची एकच सामाईक डिश लावून डक्टमधून, म्हणजे पाइप-वायरींसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून, घरोघरी वायर नेलेली असते. तशी सोय असेल तर आपली वेगळी डिश लावण्याची गरजच उरत नाही. बाहेरच्या भिंतीचा रंग नुकताच झाला असेल, तर इमारतीच्या दर्शनी बाजूला डिश लावण्यासही मनाई असू शकते.

भाडेकरूंनी अर्ज घरमालकामार्फत द्यावा. सचिवाने जिन्यात उभे राहून दिलेला तोंडी होकार पुढच्या वार्षिक सभेनंतर टिकेलच असे नाही. कार्यकारिणी बदलली की जुन्या डिश काढण्याचा ठराव होतो, आणि ज्याच्याकडे कागद आहे त्याचीच डिश राहते. गच्चीची किल्ली कोणाकडे असते आणि ती रविवारी मिळते का, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे, कारण तंत्रज्ञ खाली येऊन उभा राहतो आणि किल्ली सापडत नाही, हा मुंबईतील नेहमीचा प्रकार आहे.

आणखी एक पाहावे. गच्चीवरून आपल्या घरापर्यंतची वायर जितकी लांब, तितका सिग्नल क्षीण होतो. पंधरा-वीस मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने स्वतंत्र डिशचा आग्रह न धरलेला बरा.

४. केबलचा विचार असेल तर माणसाची चौकशी करा

डिशमध्ये आकाश तपासायचे, तसे केबलमध्ये माणूस तपासायचा. कंपनीचे नाव कितीही मोठे असले, तरी आपल्या दारात येणार तो स्थानिक चालकाचा मुलगाच. तो अर्ध्या तासात येतो की तीन दिवसांनी, यावर केबलचे सारे सुख-दुःख अवलंबून असते. ही माहिती कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही. ती मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून, इमारतीच्या रखवालदाराकडून आणि खालच्या वाण्याकडून मिळते. त्यांना तीन प्रश्न विचारावेत: मागच्या पावसाळ्यात केबल किती वेळ बंद होती, तक्रार केल्यावर कोण आला, आणि पैशांची पावती मिळते का.

चौथा प्रश्न चालकालाच विचारावा: आमच्या इमारतीचा अँप्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारे उपकरण, कोणाच्या विजेवर चालतो? केबलचा सिग्नल फायबरने विभागात येतो आणि पुढे तांब्याच्या गाभ्याच्या वायरीवरून घरोघरी जातो. वाटेतल्या उपकरणांना वीज लागते. ती वीज शेजारच्या इमारतीतून घेतलेली असेल आणि तिथला पुरवठा गेला, तर आपल्या घरात दिवे सुरू असूनही टीव्ही बंद पडतो. चांगले चालक तेथे बॅटरी ठेवतात.

वायर कशी येते तेही डोळ्यांनी पाहावे. जुन्या मुंबईत ती अजूनही गच्चीवरून गच्चीवर, झाडांतून लोंबकळत येते. जूनच्या पहिल्या वादळात झाड पडले की ती तुटते, आणि महापालिका अधूनमधून अशा लोंबत्या वायरी कापतेही. जमिनीखालून आलेल्या वायरीला वादळाची भीती नाही, पण रस्ता खोदणाऱ्यांची आहे.

काही इमारतींत एकच केबलचालक येऊ शकतो असे सांगितले जाते. कायद्याने कोणत्याही चालकाला एखाद्या इमारतीचा मक्ता दिलेला नाही. प्रत्यक्षात मात्र डक्टमध्ये दुसऱ्याची वायर टाकण्यास विरोध होतो, आणि एकट्या नव्या रहिवाशाने त्यात पडून हाती काही लागत नाही. अशा इमारतीत दुसरा पर्याय म्हणून डिशच धरून चालावे. चालकाकडे नोंदणी प्रमाणपत्र असणे कायद्याने बंधनकारक आहे. ही नोंदणी पूर्वी टपाल कार्यालयात होत असे, २०२५ पासून माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन होते. ते मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे वर्षाचे पैसे आगाऊ भरू नयेत.

५. आपल्या घराला काय जुळते ते ठरवा

वरील चौकशी झाली की निर्णय बहुधा आपोआप होतो. तरी माझे मत स्पष्ट लिहितो.

चाळ, बैठे घर, किंवा उंच इमारतींनी वेढलेला खालचा मजला असेल तर केबल घ्यावी. घरात केवळ वयस्कर माणसे असतील तरीही केबलच घ्यावी, कारण रिमोटचे चुकीचे बटण दाबल्याने पडदा निळा झाला तर ग्राहक सेवा केंद्राच्या ध्वनिमुद्रित सूचनांपेक्षा केबलवाल्याचा मुलगा अधिक उपयोगी पडतो. शिवाय विभागातल्या गणपतीचे थेट दर्शन, वॉर्डातल्या बातम्या, स्थानिक कबड्डीचे सामने असल्या गोष्टी केबलच्या स्थानिक वाहिनीवरच असतात. लालबाग-परळ भागातील ज्येष्ठांसाठी हे कारण लहान नाही.

वरचा मजला, आग्नेयेला मोकळे आकाश आणि सोसायटीचा होकार असेल तर डिश घ्यावी. दर ११ महिन्यांनी भाडेकरार बदलणाऱ्यांनाही डिश सोयीची, कारण तोच बॉक्स आणि तेच खाते अंधेरीहून मुलुंडला किंवा मुंबईहून थेट नाशिकला नेता येते. केबलची जोडणी मात्र विभागापुरती असते.

पाहणे फक्त बातम्या, सह्याद्री आणि जुने चित्रपट एवढेच असेल, तर डीडी फ्री डिशचा गंभीरपणे विचार करावा. त्यावरील खासगी वाहिन्या लिलावाने जागा घेतात आणि त्यामुळे बदलत राहतात, हे लक्षात ठेवावे. लोकप्रिय मराठी मालिकांसाठी घेणार असाल तर आपली वाहिनी आज त्यावर आहे का, याची खात्री आधी करावी.

पावसाचा प्रश्न मात्र वाजवीपेक्षा मोठा केला जातो. मुसळधार सरीत डिश जाते ती बहुधा काही मिनिटांसाठी, आणि सर ओसरली की आपोआप परत येते. केबल पावसाने सहसा जात नाही, पण वायर तुटून किंवा वीज जाऊन गेली, तर कोणीतरी येऊन दुरुस्त करेपर्यंत तास जातात. ज्या घरात रात्री साडेआठची मालिका चुकवलेली चालत नाही, त्या घराने यांतला कोणता त्रास आपल्याला सोसेल ते ठरवावे.

घरी फायबर इंटरनेट आधीच असेल आणि पाहणे मुख्यतः ॲपवरच होत असेल, तर दोन्ही सेवांशिवायही चालते. पण क्रिकेटच्या सामन्यात ॲपवरचे चित्र काही सेकंद मागे असते आणि शेजाऱ्यांचा जल्लोष आधी ऐकू येतो, हे सहन करण्याची तयारी हवी.

६. मासिक खर्च कागदावर मांडा

बिलाचे तीन भाग असतात. पहिला, जोडणीचे मूळ शुल्क, ज्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात. दुसरा, आपण निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंवा पॅकची किंमत. तिसरा, या दोन्हींवरचा १८ टक्के जीएसटी.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, ही पद्धत २०१९ च्या आरंभी प्रत्यक्षात आली. मूळ शुल्काची कमाल मर्यादा तेव्हा १३० रुपये होती आणि करासह ती १५३ रुपये ४० पैसे होई. हाच आकडा अजूनही अनेकांच्या तोंडी आहे. परंतु जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादा काढून टाकली. आता प्रत्येक कंपनी आपले शुल्क स्वतः ठरवते आणि ते तिने जाहीर करायचे असते. म्हणून मूळ शुल्क किती आणि त्यात किती वाहिन्या, हे दोन आकडे प्रत्येकाकडून वेगळे मागावेत.

पॅक घेण्यापूर्वी घरातले लोक खरोखर पाहतात त्या वाहिन्या लिहून काढाव्यात. बहुतेक मराठी घरांत ही यादी पंधराच्या पुढे जात नाही: झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी, एखादी चित्रपटांची वाहिनी, एक-दोन क्रीडा वाहिन्या, मुलांसाठी काहीतरी. सह्याद्रीसह दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या प्रत्येक जोडणीत द्याव्याच लागतात आणि अनेक वृत्तवाहिन्या निःशुल्क आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी पॅक घेण्याचे कारण नाही. यादी झाल्यावर सुट्या वाहिन्यांची बेरीज करून ती पॅकच्या किमतीशी ताडून पाहावी. एकाच प्रसारक समूहाच्या तीन-चार वाहिन्या हव्या असतील तर त्या समूहाचा पॅक बहुधा स्वस्त पडतो. वेगवेगळ्या समूहांच्या एक-दोन वाहिन्याच हव्या असतील तर सुट्या घ्याव्यात. १९ रुपयांहून महाग वाहिनी प्रसारकाला पॅकमध्ये घालता येत नाही, ती सुटीच घ्यावी लागते. एकाच वाहिनीची साधी आणि एचडी अशी दोन्ही रूपे यादीत आली असतील तर साधे रूप काढून टाकावे. पडताळून पाहिल्यास बऱ्याच घरांत दोन्हींचे पैसे जात असल्याचे दिसते.

दुसऱ्या टीव्हीसाठी दुसरा बॉक्स लागतो. त्याचे मूळ शुल्क कमी असू शकते, पण त्यावर कोणत्या वाहिन्या दिसणार हे स्वतंत्रपणे विचारावे.

डिशच्या नव्या खात्यावर पाककृती, भक्तिगीते, नृत्य अशा जादा सेवा काही दिवस मोफत म्हणून सुरू केल्या जातात आणि मुदत संपल्यावर रोज काही पैसे कापले जाऊ लागतात. पहिल्या आठवड्यातच ॲपमध्ये जाऊन त्या बंद कराव्यात.

७. कागदपत्रे आणि साहित्य तयार ठेवा

कागद फार लागत नाहीत:

- ओळखीचा पुरावा: आधार किंवा तत्सम.
- पत्त्याचा पुरावा: वीजबिल, किंवा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत. नव्या घरात वीजबिल अजून मालकाच्या नावावर असेल तर करार उपयोगी पडतो.
- सोसायटीचे ना हरकत पत्र, आणि भाड्याचे घर असल्यास मालकाचे संमतीपत्र. भिंतीला भोक पाडण्याचा उल्लेख त्यात असावा.
- आपल्या स्वतःच्या नावावरचा मोबाइल क्रमांक. मालकाचा किंवा दलालाचा क्रमांक देऊ नये. ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि पुढे खाते हलवताना अडते.

घरात टीव्हीजवळ दोन मोकळी सॉकेट हवीत. एचडीएमआय वायर बॉक्ससोबत येते का ते विचारावे. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या जुन्या वायरीवर एचडी चित्र दिसत नाही, आणि एचडीचे पैसे भरून वर्षानुवर्षे साधे चित्र पाहणारी घरे मी पाहिली आहेत.

८. जोडणीच्या दिवशी स्वतः हजर राहा

तंत्रज्ञ येण्यापूर्वी फोनवर चार रकमा विचारून घ्याव्यात: बॉक्सची किंमत किंवा अनामत, बसवण्याचे शुल्क, ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त वायर लागल्यास प्रति मीटर दर, आणि स्टँड वेगळा घ्यावा लागल्यास त्याची किंमत. बॉक्स विकत मिळतो आहे की भाड्याने, हे पावतीवर लिहून घ्यावे. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालत नाही. त्यामुळे ‘बॉक्स आता तुमचाच’ हे वाक्य ऐकायला गोड असले, तरी सेवा बदलली की त्याचा उपयोग संपतो. वापरलेला बॉक्स बाजारातून स्वस्तात घेण्याच्या फंदात याच कारणासाठी पडू नये.

काम सुरू असताना तीन ठिकाणी लक्ष द्यावे. वायर भिंतीतून आत येते तिथे बाहेरच्या बाजूला ती थोडी खाली झुकवून मग वर घेतलेली असावी, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत घरात न येता त्या वळणावरून खाली गळते. भोक सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवलेले असावे. वायरीचे टोक जोडतात त्या जोडावर टेप किंवा रबरी टोपी असावी. समुद्राच्या खाऱ्या हवेत उघडा जोड गंजतो, आणि वांद्रे-वरळीच्या बाजूला डिशचे क्लॅम्पही गंजतात. डिश बसल्यावर पडद्यावरील सिग्नलची ताकद व गुणवत्ता दाखवणारे पान उघडायला सांगून त्याचा फोटो काढून ठेवावा. पुढे बिघाड झाल्यास आजचा आकडा आणि तेव्हाचा आकडा यांची तुलना करता येते, आणि दोष डिशचा की टीव्हीचा हे तंत्रज्ञाला वाद घालता येत नाही.

अर्जाची प्रत, पावती आणि ग्राहक क्रमांक मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. केबलच्या बाबतीत ग्राहक क्रमांक वरच्या कंपनीच्या यंत्रणेत नोंदला गेला आहे का, हे त्या कंपनीच्या ॲपवर त्याच वेळी पाहावे. काही ठिकाणी चालक रोख पैसे घेतो आणि रिचार्ज दोन दिवस उशिरा करतो. ॲप हाताशी असले की हे लगेच दिसते.

९. बंद पडल्यावर काय करावे

आधी बॉक्स वीजपुरवठ्यापासून काढून दोन मिनिटांनी पुन्हा लावावा. त्यानंतर रिचार्ज संपला आहे का ते पाहावे. पाऊस कोसळत असेल तर थांबावे. आकाश निरभ्र असूनही मार्चच्या किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला रोज दुपारच्या आधी ठरावीक वेळी काही मिनिटे चित्र जात असेल, तर तो बिघाड नव्हे. सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याचा गोंगाट सिग्नलला झाकतो. काही दिवसांत ते आपोआप थांबते, त्यासाठी तंत्रज्ञाला भेटीचे पैसे देऊ नयेत. कबुतरे किंवा कावळे डिशच्या दांड्यावर बसून तिचा रोख किंचित हलवतात, हे मात्र मुंबईतील बिघाडाचे खरेखुरे कारण आहे.

ग्राहक सेवेचा क्रमांक बॉक्सवरून किंवा कंपनीच्या ॲपवरूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेले क्रमांक अनेकदा ठकांचे असतात. ते रिचार्जच्या नावाखाली ओटीपी मागतात किंवा एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगतात. तक्रार नोंदवल्यावर तिचा क्रमांक लिहून ठेवावा. तेवढ्याने काम न झाल्यास कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे न सुटलेल्या तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येते, त्याचा संपर्क कंपनीने संकेतस्थळावर द्यायचा असतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्रे पाठवण्यात वेळ घालवू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपयोगी आहे.

१०. घर सोडताना किंवा सेवा बदलताना

डिश असेल तर घर बदलण्याच्या आठवडाभर आधी स्थलांतराची विनंती नोंदवावी. नव्या घराचे आकाश दुसऱ्या पायरीप्रमाणे तपासूनच ती नोंदवावी, अन्यथा शुल्क भरून तंत्रज्ञ हात हलवत परत जातो. बॉक्स, रिमोट आणि ॲडॉप्टर स्वतः सोबत न्यावेत. गच्चीवरची तबकडी आणि स्टँड काढून नेण्याचा खर्च कधी कधी नव्या तबकडीइतका होतो, म्हणून आधी दर विचारावा. तबकडी तेथेच सोडणार असाल तर सोसायटीला तसे लेखी कळवावे, नाहीतर ती काढण्याची रक्कम मालकाच्या देखभाल बिलात येते आणि मालक ती आपल्या अनामतीतून कापतो.

केबल असेल तर बॉक्स चालकाकडे परत देताना त्यावरचा क्रमांक लिहिलेली पोच घ्यावी आणि अनामत तिथल्या तिथे मागावी. खाते बंद झाल्याचा संदेश वरच्या कंपनीकडून मोबाइलवर येईपर्यंत जुने घर सोडले तरी पावत्या फेकू नयेत. गावी दोन-तीन महिन्यांसाठी जाणार असाल तर सेवा पूर्ण बंद करण्याऐवजी तात्पुरती स्थगित करण्याची लेखी विनंती करावी; परतल्यावर पुन्हा सुरू करण्याचे शुल्क किती, हे मात्र विनंती देतानाच विचारून ठेवावे.